अकराव्या खुर्चीमागची माणसे

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता. यंदाच्या अंकाचा विषय ‘साक्ष’, आणि घरात बसून लिहू नका. माझ्या मनात एक माहितीपट बरेच दिवस रेंगाळत होता. मासाकी कोबायाशी या जपानी दिग्दर्शकाचा ‘तोक्यो सायबान’, म्हणजे तोक्योचा खटला. १९८३ सालचा, कृष्णधवल, चार तास सदतीस मिनिटांचा. दुसरे महायुद्ध संपल्यावर जपानच्या पुढाऱ्यांना आणि सेनापतींना आरोपीच्या पिंजऱ्यात बसवणाऱ्या खटल्याची ही हकिगत. ती एकट्याने पाहण्यापेक्षा कायदा शिकणाऱ्या पोरांबरोबर पाहावी, असे वाटले. म्हणून बंगळूर गाठले.

नागरभावी हा बंगळूरच्या पश्चिमेचा भाग. नॅशनल लॉ स्कूल इथे आले आणि त्यानंतर आसपासची सगळी वस्ती त्याच्या वेळापत्रकावर चालू लागली. पेइंग गेस्टच्या पाट्या, झेरॉक्सची दुकाने, रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी चहाची टपरी. अशाच एका गल्लीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी आम्ही जमलो. यजमानांत एक मुलगा बेळगावचा, एक मुलगी सोलापूरची, बाकीचे कानडी, तमिळ, बंगाली. प्रोजेक्टर उसना आणलेला, पडदा म्हणजे भिंत. मध्यंतर कुठे घ्यायचे यावर रीतसर मतदान झाले. वकिलीची सवय आतापासूनच.

तिसऱ्या तासाला निम्मी खोली रिकामी झाली. उरलेल्यांत सोलापूरची मुलगी होती. जपानी आरोपी, अमेरिकी वकील, ऑस्ट्रेलियन अध्यक्ष असे सगळे पाहून झाल्यावर ती म्हणाली, “सर, ह्यात आपली माणसं कुठायत?”

बंगाली मुलाने लगेच न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे नाव घेतले. तिने मान हलवली. “ते न्यायाधीश. मी साक्षीदारांचं विचारतेय.”

पाच लाख फुटांची फिल्म

कोबायाशींनी कोर्टातला एकही क्षण नव्याने चित्रित केलेला नाही. खटला चालू असताना अमेरिकी लष्कराचे कॅमेरे सभागृहात होते. ती रिळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे बंद राहिली आणि पुढे काही दशकांनी खुली झाली. सुमारे ५ लाख फूट फिल्म. जपानमधल्या कोदान्शा या प्रकाशनसंस्थेने पैसा उभा केला आणि कोबायाशींनी पाच वर्षे हा ढीग उपसला. मध्ये मध्ये जुन्या वार्तापटांतली युद्धदृश्ये पेरली. केइ सातो यांचे संथ निवेदन, तोरु ताकेमित्सु यांचे मोजके संगीत. एरवी माहितीपटात कुणीतरी म्हातारा माणूस खुर्चीत बसून आठवणी सांगतो. तसले इथे काही नाही. कोर्ट चालते आणि आपण पाहत राहतो.

कोबायाशी त्रयस्थ नव्हते. १९४२ साली सैन्यात भरती करून त्यांना मांचुरियात पाठवले. बढती घ्यायची नाही असे ठरवून ते साधे शिपाईच राहिले, आणि युद्ध संपल्यावर ओकिनावात अमेरिकनांचे कैदी झाले. त्यांची ‘द ह्यूमन कंडिशन’ ही प्रदीर्घ चित्रत्रयी जगभर गाजली. त्याआधी त्यांनी एक लहान चित्रपट केला होता, ‘जाड भिंतींची खोली’. हुकमाची अंमलबजावणी करून गुन्हेगार ठरलेल्या सामान्य जपानी सैनिकांवरचा. पटकथा कोबो आबे यांची. निर्मात्या कंपनीला अमेरिकेच्या नाराजीची भीती वाटली, म्हणून १९५३ साली झालेला हा चित्रपट १९५६ पर्यंत अडकून पडला. म्हणजे ज्या दिग्दर्शकाने पुढे बड्या आरोपींचा खटला मांडला, त्याने सुरुवात छोट्या आरोपींपासून केली होती. या लेखाच्या दृष्टीने हा क्रम महत्त्वाचा आहे.

खटला चालतो कसा

तोक्योच्या इचिगाया भागात जपानी सैन्याची प्रबोधिनी होती. तिचे सभागृह दुरुस्त करून न्यायालय बसवले आणि ३ मे १९४६ रोजी कामकाज सुरू झाले. २८ आरोपी, ५५ कलमांचे आरोपपत्र, अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे सर विल्यम वेब, मुख्य अभियोक्ता अमेरिकेचे जोसेफ कीनन. छताला चित्रीकरणाचे प्रखर दिवे. पहिल्याच दिवशी शुमेइ ओकावा या विचारवंत आरोपीने पुढच्या रांगेत बसलेल्या माजी पंतप्रधान हिदेकी तोजो यांच्या टकलावर चापट मारली. कॅमेऱ्याने ती टिपली आणि या खटल्यातले सर्वांत प्रसिद्ध दृश्य तेच ठरले. ओकावांना वेडसर ठरवून खटल्यातून वगळले. पुढे त्यांनी कुराणाचे जपानी भाषांतर केले.

पण माहितीपटाची खरी गंमत अशा प्रसंगांत नाही. ती कंटाळ्यात आहे. पुराव्याचा कागद येतो, त्याला क्रमांक पडतो, बचावाचा वकील हरकत घेतो, अध्यक्ष ती फेटाळतात. असे हजारो वेळा. कोर्टात ४१९ साक्षीदार उभे राहिले, ४,३३६ कागद दाखल झाले. प्रत्येक वाक्य इंग्रजीतून जपानीत किंवा जपानीतून इंग्रजीत जायचे आणि तोवर सगळे कानाला यंत्र लावून थांबायचे. दुभाष्यांची तीन पायऱ्यांची उतरंड होती. अनुवाद करणारे बहुतेक जपानी. त्यांची चूक पकडायला अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे तपासनीस. दोघांत वाद झाला तर निवाडा देणारे अमेरिकी अधिकारी. विश्वास कुणाचाच कुणावर पुरता नव्हता, आणि तरीही काम रेटायचे होते.

१४ मे १९४६ रोजी बेन ब्रूस ब्लेकनी हे अमेरिकी वकील, जपानी आरोपींच्या बाजूने, उभे राहिले. युद्धातली हत्या खून ठरत असेल तर हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्यांचे काय, असा त्यांचा रोख होता. त्या भागाचा जपानी अनुवाद कोर्टात झालाच नाही. सर्वसामान्य जपानी माणसाला ते भाषण कळले ते कितीतरी वर्षांनी, कोबायाशींच्या चित्रपटातून. नागरभावीच्या खोलीत या प्रसंगी मात्र कुणीही फोनकडे पाहत नव्हते.

तोजोंच्या साक्षीचा भागही असाच. ३१ डिसेंबर १९४७ रोजी ते ओघात बोलून गेले की सम्राटाच्या इच्छेविरुद्ध वागेल असा एकही जपानी नाही. म्हणजे युद्धही सम्राटाच्याच इच्छेने? सम्राटाला आरोपी करायचे नाही असे अमेरिकेने आधीच ठरवले होते. पडद्यामागे धावपळ झाली आणि ६ जानेवारीला, कीनन यांच्याच प्रश्नांना उत्तरे देताना, तोजोंनी ते सावरून घेतले. अभियोक्ता आरोपीला मदत करतो आहे आणि आरोपी अभियोक्त्याला. बेळगावच्या मुलाने रिमोट दाबून हा तुकडा पुन्हा लावला. “पाठ्यपुस्तकात हे नाही,” तो म्हणाला.

भारताची जागा

जानेवारी १९४६ मध्ये जपानमधल्या दोस्त फौजांचे सरसेनापती जनरल मॅकआर्थर यांनी न्यायाधिकरणाची सनद काढली तेव्हा न्यायाधीश नऊ देशांचे होते. त्यांत भारत नव्हता. ब्रिटन आहे म्हणजे भारत आलाच, असा हिशेब. वॉशिंग्टनमधले भारताचे प्रतिनिधी सर गिरिजाशंकर बाजपेयी यांनी तो मानला नाही. त्यांचा मुद्दा सरळ होता. जपानशी झालेल्या युद्धात भारतीय सैनिक लढले, मेले, कैदेत हाल सोसले, तेव्हा भारताला जागा हवी. बरीच ओढाताण झाल्यावर एप्रिलच्या अखेरीस सनद दुरुस्त झाली आणि भारत व फिलिपिन्स यांच्या दोन खुर्च्या वाढल्या. एकूण अकरा.

भारतातून दोन महत्त्वाची माणसे गेली. एक मद्रासचे वकील पी. गोविंद मेनन, भारताच्या वतीने अभियोक्ता. दुसरे पाल, कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश आणि कलकत्ता विद्यापीठाचे माजी कुलगुरू. पाल पोचले तेव्हा खटला सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये बहुमताचा निकाल वाचला गेला. खटल्यादरम्यान दोघे वारले होते आणि ओकावा वगळले गेले होते. उरलेले पंचवीसही दोषी, सात जणांना फाशी. पालांनी हजाराहून अधिक पानांचे स्वतंत्र मत दिले, सर्व आरोपी निर्दोष. ते कोर्टात वाचले गेले नाही.

पालांचे म्हणणे थोडक्यात असे. आक्रमक युद्ध हा व्यक्तीचा गुन्हा, असा कायदा युद्ध सुरू होताना नव्हता. नंतर केलेल्या कायद्याने मागच्या कृत्याला शिक्षा देणे म्हणजे जेत्याने सूड घेणे. जपानच्या पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षे एकच कट रचला, हेही सिद्ध झालेले नाही. वसाहती बळकावलेल्या राष्ट्रांनी आक्रमणाबद्दल न्याय करावा, यातली विसंगती त्यांना खुपत होती. पण त्याच मतपत्रात आणखी एक गोष्ट आहे. जपानी सैन्याने नागरिकांवर आणि कैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा भरभक्कम आहे, हे पालांनी मान्य केले. कोर्टापुढे बसलेल्या या पुढाऱ्यांपर्यंत त्याची जबाबदारी पोचत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे.

माहितीपटात पाल येतात. मेनन मात्र शोधावे लागतात.

युद्धातले बंगळूर

सोलापूरच्या मुलीचा प्रश्न डोक्यात घेऊन दुसऱ्या दिवशी शहरात फिरलो. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर एचएएल या विमान कारखान्याचे संग्रहालय आहे. मुले विमानांपुढे उभी राहून फोटो काढतात. या कारखान्याचा जनक सोलापूरचा, वालचंद हिराचंद. म्हैसूर संस्थानाला भागीदार करून त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभारली. जपान युद्धात उतरला, १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीकेंद्राच्या हाती गेला. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीवरची विमाने इथे येऊन पुन्हा उडायला लागत.

शहराच्या उत्तरेला जालहळ्ळी. आज तिथे हवाई दल आणि सरकारी कारखाने. युद्धकाळात इथे इटालियन कैद्यांच्या छावण्या होत्या, उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारो सैनिक. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार त्यांच्या याद्या होत, रेड क्रॉसची पार्सले येत, घरी पत्रे जात. कैद सुखाची नसते, पण कागदावर माणूस हरवत नव्हता. त्याच करारावर जपानने सही केली होती, मात्र त्याला अंतिम मान्यता कधीच दिली नाही. तोक्योच्या कोर्टात या मुद्द्यावर पुष्कळ खल झाला.

आता त्याच बंगळूरची दुसरी बाजू. म्हैसूर संस्थानाची पहिली पायदळ पलटण सिंगापूरच्या बंदोबस्तावर होती. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि पलटण कैदेत गेली. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार भारतीय सैनिक जपान्यांच्या हवाली केले गेले. तिथूनच आझाद हिंद सेनेची पहिली हाक निघाली. जे. सी. नगरमध्ये म्हैसूर लान्सर्सचे स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात हैफाकडे लढलेल्या घोडदळाचे. रिक्षावाल्याला ‘हैफा’ म्हटले तर कळते. सिंगापुरात पकडल्या गेलेल्या म्हैसूर पलटणीबद्दल विचारले तर तो विचारतो, कोणती पलटण?

सिंगापूरचा पहिला खटला

तोक्योच्या झगमगाटाआधी, २१ जानेवारी १९४६ रोजी, ब्रिटिशांनी सिंगापुरात पहिला युद्धगुन्हे खटला उभा केला. आरोपी कॅप्टन गोझावा सदाइची आणि इतर नऊ. पीडित होते भारतीय युद्धकैदी. सिंगापूरहून जहाजात कोंबून त्यांना पलाऊ बेटांपैकी बाबेलथुआपला नेले होते. उपासमार, मारहाण, हत्या असे आरोप. आशियातल्या युद्धगुन्ह्यांच्या न्यायाला ब्रिटिशांनी जिथे हात घातला, तिथे पहिल्या फाइलीवर भारतीय सैनिकांचीच कहाणी होती. पुढे सिंगापुरात असे १३१ खटले चालले. आशियाभरच्या वेगवेगळ्या देशांच्या कोर्टांत सुमारे ५,७०० आरोपी उभे राहिले आणि ९०० हून अधिक फासावर गेले. त्यांत जपानच्या वसाहतींतून पहारेकरी म्हणून ओढून आणलेले कोरियन आणि तैवानी तरुणही होते. ‘जाड भिंतींची खोली’ मधले लोक हेच.

ही कोर्टे लहान. तीन लष्करी अधिकारी, दुभाषा, काही दिवसांत निकाल. बरेच साक्षीदार तोवर गावी परतलेले, म्हणून त्यांची शपथपत्रे वाचली जायची. साक्षीदार गैरहजर, उलटतपासणी नाही. बचावाच्या दृष्टीने हे अन्यायाचेच. पण ही शपथपत्रे नसती तर त्या सैनिकांची कहाणी कागदावर उतरलीच नसती.

एक नाव इथे घ्यायलाच हवे, चिंत सिंग. आझाद हिंद सेनेत न गेलेल्या सुमारे तीन हजार भारतीय कैद्यांना जपान्यांनी न्यू गिनीला नेले. युद्धानंतर ऑस्ट्रेलियन सैन्याला सेपिक नदीच्या काठी त्यांच्यापैकी मूठभर जिवंत सापडले, त्यांत जमादार चिंत सिंग आणि त्यांचे दहा सोबती. युद्धगुन्ह्यांच्या चौकशीत साक्ष द्यायची म्हणून चिंत सिंगांना मागे ठेवले. घरी निघालेले दहाही जण नोव्हेंबर १९४५ मध्ये विमान कोसळून गेले. आपल्या तुकडीचे सगळे सांगायला चिंत सिंग एकटे उरले, आणि त्यांनी ते सांगितले.

मग आपल्याला हे माहीत का नाही? तारखा शेजारी ठेवल्या की उत्तर सापडते. ५ नोव्हेंबर १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लष्करी खटला सुरू झाला होता. मुंबईचे भुलाभाई देसाई बचावाला उभे होते आणि देश पेटला होता. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले, आझाद हिंद सेनेतले ज्येष्ठ सेनानी, महाराष्ट्रात कौतुकाचा विषय होते, आणि ते योग्यच होते. अशा हवेत ज्याने आझाद हिंद सेनेत जायला नकार दिला आणि म्हणून जपान्यांचे हाल सोसले, त्या सैनिकाला कोण विचारणार? ब्रिटिशांच्या बाजूचा म्हणावे तर तोही भारतीयच. जपान्यांविरुद्ध बोलावे तर आझाद हिंद सेनेचे नेते सुभाषचंद्र बोस आणि जपान यांची मैत्री आड येते. त्याची साक्ष ब्रिटिशांच्या कोर्टात नोंदली गेली. आपल्या सभांमध्ये मात्र त्याला जागा मिळाली नाही.

पालांची दोन रूपे

पालांच्या नावाचे पुढे काय झाले हे पाहिले की या सैनिकांचा पडलेला विसर आणखी उघड होतो. अमेरिकी ताबा असेतो त्यांचे मतपत्र जपानमध्ये प्रसिद्ध होऊ शकले नाही. १९५२ मध्ये जपान स्वतंत्र होताच ते ‘जपान निर्दोष’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली गाजवले गेले. २००५ साली तोक्योतल्या, जपानी युद्धमृतांच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात पालांचे स्मारक उभे राहिले. २००७ मध्ये भारतभेटीवर आलेले पंतप्रधान शिंझो आबे कोलकात्यात पालांच्या मुलाला भेटले. त्या पानांत अत्याचारांची कबुली आहे, हे या गौरवात कुणी मोठ्याने म्हणत नाही.

आपल्याकडे पाल म्हणजे गोऱ्या साम्राज्यांना सुनावणारा एकटा बंगाली न्यायाधीश. नेहरू सरकारने हे एका न्यायाधीशाचे वैयक्तिक मत, भारत सरकारचे नव्हे, अशी भूमिका घेतली. पुढे १९५९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०१६ च्या ‘टोकियो ट्रायल’ या मालिकेत इरफान खान यांनी पालांची भूमिका केली आणि नव्या पिढीला ते पुन्हा भेटले. ज्यांच्या हालांचा दाखला देऊन ती खुर्ची मागितली होती, ते सैनिक या दोन्ही पालांमध्ये नाहीत.

पालांशी सहमत व्हा किंवा होऊ नका, हा प्रश्न दुय्यम आहे. कायद्याचे प्रश्न त्यांनी नेमके विचारले आणि ते अजून संपलेले नाहीत. पण त्यांचे मतपत्र वाचायचे तर पूर्ण वाचावे लागेल, अत्याचारांच्या पानांसकट. तिथून पुढची वाट थेट सिंगापूरच्या फाइलींकडे जाते.

त्या फाइली आता कपाटात बंद नाहीत. सिंगापूरच्या १३१ खटल्यांची माहिती इंटरनेटवर कुणालाही वाचता येते. क्रांजीच्या सिंगापूर स्मारकावर, ज्यांची थडगीही नाहीत अशा २४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत आणि पलटणीच्या नावाने शोध घेण्याची सोयही आहे. म्हैसूर पलटणीपासून सुरुवात करता येईल, पुढे कोल्हापूर, सातारा, बेळगावकडच्या घरांपर्यंत जाता येईल. हे काम इतिहासकारांनी कधीतरी करावे अशी वाट पाहायचे कारण नाही. नागरभावीतल्या दहा-बारा पोरांनी मनावर घेतले तर एका शैक्षणिक वर्षात कानडी आणि मराठीत पहिली यादी उभी राहील. साक्षीदार कुठायत, हा प्रश्न विचारणारी मुलगी त्यांच्यात आहेच.